हुरड्याला घाई चालत नाही

मराठीत ‘वेळ’ आणि ‘सवड’ असे दोन शब्द आहेत. रोजच्या बोलण्यात आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. परंतु त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहिली, की दोघांचा स्वभाव निराळा असल्याचे ध्यानात येते. वेळ जातो, सरतो, वाया जातो. तो वाचवता येतो आणि प्रसंगी मारूनही नेता येतो. सवडीच्या वाट्याला यांतले एकही क्रियापद आलेले नाही. सवड मिळते, नाहीतर ती काढावी लागते. ‘आवड असली की सवड मिळते’ अशी आपली म्हण आहे, आणि बोलावूनही न येणाऱ्या नातेवाइकांना टोमणा मारायला ती फार उपयोगी पडते. वर्गात ही म्हण आली म्हणजे मी तिची दुसरी बाजूही मुलांना सांगतो: पुष्कळदा आधी सवड मिळते, आणि मग आवड उत्पन्न होते.

गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपल्या घरांत वेळ वाचवणारी किती साधने आली! गॅस आला, कुकर आला, मिक्सर आला, फ्रीज आला. आता तर फोनवर बोट टेकवले की भाजी दारात येते. प्रत्येकाने आपापल्या परीने थोडाथोडा वेळ वाचवला. हा वाचलेला वेळ एखाद्या पतपेढीत ठेव म्हणून जमा होत गेला असता, तर आज प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंब सवडीने गब्बर झाले असते. प्रत्यक्षात काय दिसते? जेवायच्या टेबलावर चार माणसे, चार फोन, आणि आमटीत मीठ जास्त झाले आहे हे कुणाच्याच लक्षात आलेले नाही.

दिवाळीच्या फराळात मात्र एक पदार्थ अजून हटून बसला आहे. तो म्हणजे अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजलेच पाहिजेत, पाणी रोज बदललेच पाहिजे, गुळात मळलेला गोळा मुरलाच पाहिजे. कितीही भारी यंत्र आणा, ते या दिवसांतला एकही दिवस कमी करू शकत नाही. म्हणून बऱ्याच घरांनी अनारसे विकत आणून त्यावर तोडगा काढला आहे. असाच एक हटवादी पदार्थ या घटकेला मराठवाड्याच्या काळ्या रानात उभा आहे. तो दिवाळीला तयार नसतो. त्यासाठी आणखी दोन-अडीच महिने थांबावे लागते. तो म्हणजे हुरडा.

शहरातल्या वाचकाला हुरडा म्हणजे भाजलेल्या ज्वारीचे कोवळे दाणे एवढे ठाऊक असते. शेतकऱ्याच्या भाषेत मात्र हुरडा हे आधी पिकाच्या एका अवस्थेचे नाव आहे. रब्बीची ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात. पुढे पाऊस पडला नाही तरी काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. कणीस अजून पानाच्या आवरणात दडलेले असते, तेव्हा ज्वारी ‘पोटरीत आली’ असे म्हणतात. कणीस बाहेर पडले की ती ‘निसवली’. मग ‘फुलोऱ्यात आली’. दाणा भरू लागतो आणि नखाने दाबला असता पांढरे दूध येते, तेव्हा ती ‘चिकात’ असते. ते दूध घट्ट होते, दाणा फुगतो, पण अजून हिरवा आणि मऊ असतो; तेव्हा ज्वारी ‘हुरड्यात आली’. त्यानंतर दाणा कडक होतो, पांढरा पडतो, आणि गोष्ट खळ्याकडे वळते.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष आधी या शब्दांकडे जाते. चार महिन्यांच्या एका पिकाला इतकी नावे का मिळाली? कारण त्याच्याकडे कुणीतरी रोज, सावकाश, डोळे भरून पाहिले. माणूस ज्याच्यापाशी थांबतो, त्याला तो नाव देतो. आपल्या दिवसालाही पूर्वी अशीच नावे होती: झुंजुमुंजू, टळटळीत दुपार, तिन्हीसांजा, कातरवेळ. आता त्यांच्या जागी सहा वाजून दहा मिनिटे आणि सात पंचवीसची लोकल आली आहे. शब्द गेले, कारण त्या वेळी खिडकीबाहेर पाहणारे कुणी उरले नाही.

हुरड्याची अवस्था फार थोडे दिवस टिकते. त्याचे कारण दाण्याच्या आतल्या घडामोडीत आहे. कोवळ्या दाण्यात आधी साखर येऊन साठते, आणि दाणा जसजसा पक्व होतो तसतसा त्या साखरेचा स्टार्च बनत जातो. चिकातला दाणा फार ओला, भाजला तर चिकट. पक्व दाणा टणक, त्यातला गोडवा बराचसा पिठात गेलेला. या दोहोंच्या मध्ये काही दिवसांची एक फट असते. हुरड्याची गोडी म्हणजे वाटेत असलेली गोडी; ती साठवून ठेवावी म्हटले तर दाणा आपल्या वाटेने पुढे निघून जातो. केवळ हुरड्यासाठी म्हणून ज्वारीचे काही वाणही कृषी विद्यापीठांनी काढले आहेत. राहुरीचे ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ आणि परभणीचे ‘परभणी वसंत’ हे त्यांपैकी होत. दाणा गोड असावा आणि बोंडातून सहज सुटावा, हे गुण त्यांत पाहिलेले असतात. पण थांबावे मात्र त्यांच्यासाठीही लागते.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात बोरी नावाचे गाव आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे इकडची माणसे मोठ्या तोऱ्यात म्हणतात आणि वर स्वतःच हसतात. २०२४ सालच्या जानेवारीत, पौष महिन्यात, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला बोरीला हुरड्याचे आमंत्रण दिले. तो पुण्यात नोकरी करतो. दोन दिवसांची रजा काढून गावी आला होता. आदल्या पावसाळ्याने मराठवाड्याला दगा दिला होता, ऑगस्ट महिना जवळजवळ कोरडा गेला होता. तरी त्याच्या वडिलांच्या रानात दीड एकर ज्वारी उभी होती. कणसे डोक्याच्या वर, आणि पानांवर सकाळचे दव.

‘हुरडा खायला या’ या निमंत्रणात एक गोष्ट गृहीत असते: यजमान तुमच्यापुढे तयार पदार्थ आणून ठेवणार नाही. तुम्हाला त्याच्या तयारीच्या मध्येच जाऊन बसावे लागते. रानात एक उथळ खड्डा केलेला होता. त्याला आगटी म्हणतात. तीत गोवऱ्या रचून पेटवल्या होत्या. कणसे बाजूला खुडून ठेवलेली होती, भोवती पोती अंथरली होती, आणि आम्ही सारे आगटीकडे तोंड करून नुसते बसलो होतो. विद्यार्थ्याच्या पुण्याच्या घरातली दोन मुले ‘कधी होणार?’ म्हणून तिसऱ्यांदा विचारून गेली, तेव्हा त्याचे वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, “सर, जाळ विझू द्या. जाळावर कणीस नुसतं वरून करपतं, आत कच्चंच ऱ्हातं. फुफाट्यात घातलं की मग भाजतंय.”

हे शास्त्रही बरोबर आहे. ज्वाळेने वरचे बोंड जळते आणि दाण्यापर्यंत ऊब पोचत नाही. निखाऱ्यांवरच्या गरम राखेत कणीस पुरले, की दाण्यातल्याच ओलीची वाफ होते आणि दाणा आपल्याच रसात शिजतो. त्यासाठी जाळ शांत होण्याची वाट पाहणे हा कृतीचाच भाग आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकात ‘दहा मिनिटे थांबा’ असे लिहिलेले असते. आगटीपाशी घड्याळ नसते, डोळे असतात.

मग कणीस बाहेर काढायचे, झटकायचे, आणि कढत असतानाच दोन्ही तळहातांत धरून मळायचे. हे काम विद्यार्थ्याची आजी करीत होती. सत्तरी ओलांडलेली बाई; तळहात अनेक वर्षांच्या कामाने राठ झालेले, त्यामुळे चटका बसतो की नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते. दाणे सुपात पडत, ती हलकेच पाखडून तूस उडवी, आणि मूठभर हिरवेगार, वाफाळलेले दाणे ज्याच्या त्याच्या हातावर ठेवी. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि गुळाचा खडा. “गरम हाय तवर खा, बाबा,” ती म्हणाली, “निवल्यावर मग त्यात काय न्हाई.” खरेच, निवला की हुरडा चिवट होतो. म्हणजे तो आधी करून ठेवता येत नाही, नंतर खाता येत नाही, आणि एकट्याने करून एकट्याने खाण्यात गंमत नाही. कारण मळणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, खाणारा दुसराच असावा लागतो.

तासाभरानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कुणीही फोन बाहेर काढलेला नव्हता. कुणी तशी सूचना केली नव्हती, कुणी निग्रहही केला नव्हता. सर्वांच्या हातांना राख लागली होती, एवढेच. मुलेसुद्धा कणसे फुफाट्यात लपवण्यात आणि शोधून काढण्यात दंग झाली होती. मन एकाग्र करण्याचे किती तरी वर्ग हल्ली शहरांतून फी घेऊन चालतात. इथे ते काम मूठभर राखेने केले.

सुपाबाहेर पडलेला एकेक दाणा आजी बोटाने टिपून परत सुपात टाकत होती. कणसांची तर रास पडली होती, मग एवढी काटकसर कशाला, असे तिच्या नातसुनेने हसत विचारले. तेव्हा ती म्हणाली, “भात्तरच्या सालात लाल मिलो खाऊन दिस काढले आम्ही. भाकर थापली की तुटायची. तवापासून जवारीचा दाणा मातीत ठेवूशी वाटत न्हाई.”

१९७२ साल मराठवाड्यातल्या त्या पिढीला सांगावे लागत नाही. दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, मुलांना सुकडी वाटली जाई, आणि दुष्काळी कामांवर गावेच्या गावे खडी फोडीत. योगायोग असा, की परभणीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेही त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव दिले गेले; दुष्काळाच्या त्या वर्षी तेच राज्याचे मुख्यमंत्री होते. आजीच्या हातातल्या दाण्याला ही सारी पार्श्वभूमी होती. आपण ज्याला साधा क्षण म्हणतो तो तिच्या दृष्टीने साधा नव्हताच. ज्याने तो दाणा नसण्याचे दिवस पाहिले आहेत, त्यालाच तो असण्याची चव पुरती कळते.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. जुने तेवढे सावकाश आणि सावकाश तेवढे सुखाचे, असा हिशेब आपण शहरातली माणसे फार लवकर मांडतो. याच परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळताना गायिलेल्या ओव्या म्हटले की जनाबाईंचे नाव आठवतेच. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून केले. त्या ओव्यांची संख्या लाखावर गेली आहे, आणि ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संग्रहाने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या. एवढे धन जात्याने दिले. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी जाते कोपऱ्यात सारले ते आनंदाने सारले. पहाटे उठून रोजचे दळण दळणे ही सवड नव्हती, सक्ती होती. ओवी ही त्या सक्तीतून त्यांनी स्वतःसाठी काढलेली सवड होती. गिरणी आली याचे वाईट वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. त्या पहाटेच्या मोकळ्या झालेल्या तासांत ओवीच्या जागी आपण काय आणून ठेवले, एवढेच विचारण्यासारखे आहे.

कोवळे धान्य भाजून खाण्याची रीत एकट्या मराठवाड्याची नाही. सुरतेकडे या ज्वारीला ‘पोंक’ म्हणतात आणि शेवेबरोबर खातात. उत्तर कर्नाटकात तिला ‘सीतनी’ म्हणतात. पश्चिम आशियात हिरवा गहू जाळावर भाजून ‘फ्रीका’ करतात. सावकाश खाण्याची तर इटलीत एक चळवळच उभी राहिली. १९८६ साली रोमच्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ झटपट खाण्याचे एक अमेरिकन दुकान निघाले, त्याला विरोध करताना कार्लो पेट्रिनी या पत्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी ‘स्लो फूड’ची कल्पना मांडली. १९८९ साली पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा निघाला, आणि चिन्ह म्हणून त्यांनी निवडली गोगलगाय! आपल्याकडे गोगलगायीच्या पोटात पाय असतात. इटलीत त्या पायांवर चळवळ जगभर फिरली.

बोरीच्या रानात मात्र चळवळ नव्हती, चिंता होती. दुपारी बाप-लेकांचे बोलणे निघाले. रब्बीची ज्वारी काढणे हे कमरेचे काटे ढिले करणारे काम आहे. ती मुळासकट हाताने उपटावी लागते, पेंढ्या बांधाव्या लागतात, कणसे खुडावी लागतात, मग मळणी. त्या आधी पाखरांपासून राखण. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. पूर्वी कडब्यासाठी तरी ज्वारी हवी असे. आता दावणीची जनावरे कमी झाली. खरिपात सोयाबीन आणि त्यामागे हरभरा, दोन्हींची काढणी यंत्राने होते. मुलाने हा सगळा हिशेब वडिलांपुढे मांडला आणि शेवटी म्हणाला, “आणि त्यातही आपण हुरड्यात खाऊन टाकतो. खाल्लं तेवढं धान्य कमीच ना, अण्णा?”

अण्णा थोडा वेळ आगटी उकरत राहिले. मग म्हणाले, “पाखरं खातेत, ती काय इचारून खातेत? माणसानं खाल्लं तर काय बिघडलं?”

हिशेबात मुलगा चुकत नव्हता, हे मला मान्य केले पाहिजे. सावकाशीचा जो आनंद आम्ही पाहुणे दिवसभर उपभोगत होतो, त्याच्या मागे कुणाच्या तरी चार महिन्यांची राखण होती. कुणाचा तरी वेळ खर्ची पडल्यावाचून कुणाला सवड मिळत नाही. पण अण्णांचे उत्तरही केवळ हट्टाचे नव्हते. पेरणी उरकलेली, काढणी अजून यायची. वर्षभरात शेतकऱ्याच्या वाट्याला जी थोडी मोकळीक येते ती याच दिवसांत. तेव्हा तो आपले पीक पिकण्याआधीच, नफा-तोटा कळण्याआधीच, चार माणसांना बोलावून त्यातले चार घास वाटून टाकतो. पुढे गारपीट होईल, भाव पडेल. एवढे मात्र खाऊन झालेले असते, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

‘औंदाची ही शेवटची’ असे त्या दिवशी जवळजवळ ठरले होते. त्याच वर्षी दसरा झाल्यावर माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने बाकी रान हरभऱ्याला ठेवले होते, पण अर्धा एकर ज्वारी पेरली होती. “आजीनं ऐकलंच न्हाई, सर,” तो म्हणाला. “म्हणाली, लेकरं पौषात येऊन इथं काय हरभरा मळत बसतील व्हय?”

हल्ली मोठ्या शहरांच्या आसपास माणशी दर ठरवून हुरड्याच्या सहली निघतात. पाकिटांतून सोललेला हुरडा मिळतो. दाणे काढण्याची यंत्रेही निघाली आहेत. नाक मुरडण्याचे कारण नाही. त्यातून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडत असतील, तर ज्वारी रानात टिकायला मदतच होईल. फक्त जाणाऱ्याने एवढे करावे: ताट भरून समोर येण्याची वाट न पाहता आगटीपाशी जाऊन बसावे, एक कणीस स्वतः मळावे, आणि मुलांच्या हातांना राख लागू द्यावी. हुरड्याच्या पैशात ती राख फुकट मिळते, आणि बहुतेक लोक तीच सोडून परततात.

आणि ज्यांना रानात जाणे जमणार नाही त्यांचे काय? हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे अर्धे रिकामे झालेले असतील. लवकरच बाजारात ओला मटार येईल. एखाद्या संध्याकाळी सोललेला मटार न आणता शेंगा आणाव्यात. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून घरातल्या सर्वांनी भोवती बसावे. सोलताना थोडे दाणे तोंडात जातील, थोडे सोफ्याखाली; उसळ अर्धा तास उशिरा होईल. त्या अर्ध्या तासात मुलगा शाळेतली अशी एखादी गोष्ट सांगून जाईल, जी ‘आज शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला कधीच मिळाली नसती. हात कामात असले की माणसे मोकळी बोलतात. मात्र शेंगा दोन किलो आणाव्यात. एक किलो फार लवकर संपतो.